माशांच्या टाक्यांची खोली थंडीत उबदार ठेवताना या चुका टाळा

निफाड-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, आणि घरात पंधरा-वीस टाक्या असणाऱ्यांची विजेच्या बिलाची काळजी सुरू होते. अशा वेळी बहुतेक जण आणखी हिटर आणतात. खरं तर आधी उष्णता कुठून निसटते ते शोधायला हवं.

सगळ्यात जास्त ती उघड्या पाण्यावरून निसटते. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की सुमारे 0.68 युनिट उष्णता घेऊन जातं. सगळ्या टाक्यांतून मिळून रोज दहा लिटर पाणी उडत असेल, तर महिन्याला जवळजवळ 200 युनिट झाले. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, त्यामुळे हे वरचे युनिट महागड्या दरातले असतात. काच किंवा पॉलिकार्बोनेटचं झाकण हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. हवेची नळी जाईल एवढीच फट ठेवा. मग टाकीच्या मागे, बाजूला आणि शक्य असेल तिथे खाली थर्मोकोल लावा.

महागडा हिटर कमी वीज खातो हा समज चुकीचा आहे. 100 वॅटचे दोन्ही हिटर पाण्याला सारखीच उष्णता देतात; पैसे मोजायचे ते चांगल्या थर्मोस्टॅटसाठी. तो चालू अवस्थेत अडकला की मासे अक्षरशः शिजतात. म्हणून 100 लिटरच्या टाकीत 200 वॅटचा एक हिटर टाकू नका, 50-50 वॅटचे दोन लावा. एक अडकला तरी पाणी हळूहळू तापतं आणि तुमच्या लक्षात यायला वेळ मिळतो.

टाक्या दहा-बारापेक्षा जास्त असतील तर खोलीच तापवणं परवडतं, पण कॉइलच्या हिटरने नव्हे. गरम हवा देणारा इन्व्हर्टर एसी एका युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता खोलीत आणतो, कारण तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो. दाराखालची फट मात्र आधी बुजवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडने माणसंच दगावतात.

खोली तापली तरी खालच्या रॅकमधल्या टाक्या गार आहेत? गरम हवा छताशी साचते. छोटा पंखा मंद फिरवा. 28 ते 30 अंश लागणारे डिस्कस वर आणि गोल्डफिश खाली ठेवा. गोल्डफिशला हिटर लागतच नाही. हवेचा पंप गॅलरीत असेल तर तो रात्रभर थंड हवा पाण्यात ढकलतो, त्याला आत घ्या. भिंतीला ओल येऊन बुरशी धरली तर झाकणं नीट बसलेली नाहीत, असं समजा.

पाणी बदलल्यावर दोन-तीन दिवसांत अंगावर पांढरे ठिपके दिसू लागले, तर नव्या पाण्याचं तापमान तपासा. टाकीतल्या पाण्याशी जुळेल इतकं ते कोमट करूनच ओता. पाणी काढण्यापूर्वी हिटरचा प्लग काढून पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर उघडी पडलेली तापलेली काच तडकते. सगळ्या हिटरच्या लाइनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या, आणि वायर प्लगपाशी येण्याआधी खाली झुकलेली ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी बोर्डापर्यंत पोचणार नाही.