समुद्री स्लगची पाहणी: या चुका टाळा

यादीत दहा जाती आणि दहाही भडक रंगाचे न्यूडिब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायींचा, म्हणजे स्लगचा, एक गट) असतील, तर प्रवाळखडकात विविधता कमी आहे असा निष्कर्ष काढू नका. बहुतेक वेळा शोधच अपुरा पडलेला असतो.

सर्वांत जास्त निसटतात ते शेवाळाचा रस शोषणाऱ्या गटातले स्लग, सॅकोग्लॉसन. हॅलिमेडा या चकत्या-चकत्यांच्या शेवाळावरचा चपटा हिरवा एलिसिया (याच गटातला) चकतीला असा चिकटतो की पाण्यात तो दिसतच नाही. म्हणून हॅलिमेडा, कॉलर्पा, ब्रायॉप्सिस या शेवाळांची मूठ-मूठ वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या. एकत्र कोंबलीत तर कोण कशावर होता हे कायमचं हरवतं. पांढऱ्या ट्रेमध्ये शेवाळ जेमतेम बुडेल एवढं समुद्राचं पाणी घालून सावलीत काही तास ठेवा. प्राणवायू घटू लागला की स्लग शेवाळ सोडून काठाकडे, पृष्ठभागाकडे चढतात. दहा मिनिटांत ट्रे रिकामा करणं ही इथली नेहमीची चूक. रात्रभर ठेवलात तर सगळं कुजेल.

लगूनच्या (खडकाआडच्या उथळ पाण्याच्या) वाळूतले सेफॅलॅस्पिडियन, म्हणजे स्लगचा आणखी एक गट, दिवसा बरेचदा गाडलेले असतात, त्यामुळे रात्रीची फेरी हवीच. वाळूवरच्या मागाच्या टोकाशी बोट खुपसू नका. तिथे विषारी कोन शंखही असू शकतो, चाळणी वापरा.

रंगीत चपटा कृमी न्यूडिब्रँक म्हणून नोंदला जातो. पाठीवर गिल्स नाहीत, अंग कागदासारखं पातळ आणि डोक्यावर शिंगांऐवजी कडेच्याच दोन घड्या, म्हणजे तो कृमी.

फिलिडिया या न्यूडिब्रँकला इतरांच्या डब्यात टाकू नका. त्याच्या स्रावाने बाकीचे मरतात.

नमुना जपायचाच असेल (परवाना आधी घ्या), तर आधी जिवंतपणी पाठ, बाजू, तळपाय आणि शिंगांचे मोजपट्टीसह फोटो काढा; अल्कोहोलात रंग उडतो. थेट अल्कोहोलात टाकलेला स्लग आक्रसून गोळा होतो, गिल्स आत ओढल्या जातात. 1 लिटर गोड्या पाण्यात सुमारे 75 ग्रॅम स्फटिकी मॅग्नेशियम क्लोराइड विरघळवा, ते थोडं थोडं स्लग ठेवलेल्या समुद्राच्या पाण्यात मिसळत जा आणि स्पर्शाला प्रतिसाद थांबेपर्यंत थांबा. मग डीएनएसाठी पायाचा छोटा तुकडा 95% इथेनॉलमध्ये. बाकीचा स्लग फॉर्मलिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या द्रावणात) ठेवणार असाल, तर त्याने डीएनए खराब होतो, म्हणून तुकडा त्याआधीच काढायचा.

दोन ठिकाणांची तुलना करायची तर किती जणांनी किती मिनिटं शोधलं हे प्रत्येक वेळी लिहा, काहीच सापडलं नाही तेव्हाही. आणि उलटलेला प्रत्येक दगड होता तसाच, त्याच बाजूवर ठेवा: खालच्या बाजूच्या स्पंज आणि ब्रायोझोआंवरच (दगडावर चिकटून वाढणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांच्या वसाहतींवर) यांतले कितीतरी स्लग जगतात.