जेल डॉकच्या टचस्क्रीनवर नीट फोटो कसा घ्यायचा

आमच्या लॅबमध्ये दरवर्षी एमएस्सीची नवीन मुलं येतात, जेल डॉकसमोर पहिल्या दिवशी घाबरत उभी राहतात आणि आठवड्याभरात एकदम सराईत होतात, आणि खऱ्या चुका तिथूनच सुरू होतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतेय.

ज्यांनी हे मशीन कधी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. अ‍ॅगारोज जेल म्हणजे चायना ग्रासची जेली असते ना, साधारण त्याच जातीची पातळ वडी, कारण दोन्ही समुद्री शेवाळातूनच निघतात. तिच्या एका टोकाला छोटे खड्डे असतात, त्यांना आम्ही वेल म्हणतो. त्यात डीएनए भरायचा आणि करंट द्यायचा, डीएनएवर निगेटिव्ह चार्ज असतो त्यामुळे तो पॉझिटिव्हकडे सरकतो, छोटे तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात, आणि एकाच आकाराच्या तुकड्यांची मिळून एक पट्टी होते, तिला बँड म्हणतात. पण डीएनए डोळ्यांना दिसत नाही, म्हणून इथिडियम ब्रोमाइडसारखा डाय घालतात जो डीएनएच्या आत जाऊन बसतो आणि यूव्ही पडला की नारिंगी चमकतो. जेल डॉक म्हणजे याचा फोटो घेणारी बंद काळोखी पेटी, खाली यूव्हीचे दिवे, वर कॅमेरा आणि पुढे टचस्क्रीन.

आता सगळ्यात पहिली गोष्ट, ग्लोव्हज. ग्लोव्हज फक्त एकाच हातात घालायचा! ग्लोव्हजवाल्या हाताने जेल आणि ट्रे धरायचा, उघड्या हाताने स्क्रीन आणि दार. इथिडियम ब्रोमाइड डीएनएमध्ये म्युटेशन घडवू शकतं, आणि जेल धरलेल्या ग्लोव्हजने कुणी स्क्रीनवर एकदा जरी बोट टेकवलं तर तो डाय पुढच्या दहा जणांच्या उघड्या बोटांना लागणार. दाराची मूठ आणि माऊस असेल तर माऊस, दोन्हीला हाच नियम.

मग ट्रे. डिस्टिल्ड वॉटर आणि धागे न सुटणाऱ्या टिश्यूने पुसून घ्या, कारण कापसाचा एखादा तंतू किंवा धुळीचा कणसुद्धा यूव्हीखाली चमकतो आणि फोटोत नेमका बँडच्या शेजारी येऊन बसतो. जेल ज्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये ओतली होती त्यातून अलगद सरकवून काढा, साधं प्लॅस्टिक यूव्ही अडवतं आणि मग "माझा पीसीआर फेल झाला" म्हणून, म्हणजे डीएनएच्या प्रती बनल्याच नाहीत म्हणून, रडायची वेळ येते. खाली बुडबुडे राहिले तर पाण्याचे दोन थेंब टाकून जेल हळूच सरकवा. वेल वरच्या बाजूला आणि जेल सरळ ठेवा.

दार लावा आणि स्क्रीनवर या. बटणांची नावं कंपनीनुसार थोडी बदलतात पण क्रम बहुतेक तोच असतो. नवीन प्रोटोकॉल उघडायचा, न्यूक्लिक अ‍ॅसिड जेल निवडायची, मग डाय निवडायचा. हा डाय नीट बघून निवडा, कारण त्यावरूनच मशीन ठरवतं कुठला लाइट लावायचा आणि कॅमेऱ्यापुढे कुठला फिल्टर आणायचा. इथिडियम ब्रोमाइडला यूव्ही, बहुतेक मशीनमध्ये ३०२ नॅनोमीटरचा. सायबर सेफ या दुसऱ्या डायला निळा लाइटही चालतो, आणि बँड कापून क्लोनिंगला, म्हणजे तो डीएनए बॅक्टेरियात घालायला, वापरणार असाल तर मी निळ्याचाच आग्रह धरेन, कारण ३०२ च्या यूव्हीखाली काही सेकंदांतच डीएनए खराब व्हायला लागतो, जेल छान दिसते आणि पुढे बॅक्टेरियाच्या कॉलनीच येत नाहीत.

लाइव्ह व्ह्यूमध्ये जेल मधोमध आणा, स्क्रीनवर दोन बोटांनी झूम करा, आणि मग एक्सपोजर, म्हणजे कॅमेरा किती वेळ उजेड घेतो ते, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

पहिला फोटो ऑटोवर घ्यायला काहीच हरकत नाही. पण तो आला की लगेच सेव्ह करू नका, आधी सॅच्युरेशनचा पर्याय चालू आहे का बघा. तो चालू असला की ज्या ठिकाणी कॅमेरा पूर्ण भरलाय तिथे लाल रंग दिसतो. १६ बिटच्या फोटोत प्रत्येक पिक्सेल ० ते ६५,५३५ मधला एक आकडा असतो, त्याच्या वर मोजायला जागाच नाही, मग बँडमध्ये डीएनए दुप्पट असो की चौपट, आकडा तोच येणार.

उदाहरण घ्या. लॅम्डा हिंड थ्री मार्कर, म्हणजे लॅम्डा व्हायरसचा डीएनए हिंड थ्री एन्झाइमने कापून केलेले ठरावीक लांबीचे तुकडे, ५०० नॅनोग्राम भरला. लॅम्डाचा पूर्ण डीएनए ४८,५०२ बेस पेअरचा (डीएनएची लांबी याच एककात मोजतात), त्यातला सगळ्यात वरचा तुकडा २३,१३० चा, म्हणजे त्या बँडमध्ये साधारण २३८ नॅनोग्राम. खालचा २,३२२ चा तुकडा धरला तर साधारण २४ नॅनोग्राम. दोघांत दहापट फरक आहे. वरचा बँड लाल झाला असेल तर सॉफ्टवेअर कदाचित चारपटच दाखवेल आणि तुम्ही त्यावरून तुमच्या सॅम्पलची क्वांटिटी काढून मोकळे व्हाल. आमच्याकडे एका मुलीचं तीन महिन्यांचं काम असंच परत करावं लागलं, फोटो दिसायला इतके सुंदर होते की माझ्यासकट कुणालाच शंका आली नाही.

म्हणून लाल दिसलं की मॅन्युअलवर जा आणि एक्सपोजर अर्धं करा. तरीही लाल असेल तर आणखी अर्धं. फोटो काळपट दिसेल, दिसू द्या, स्क्रीनवरच्या स्लायडरने ब्राइटनेस वाढवला तर फक्त दिसणं बदलतं, आतला डेटा तोच राहतो. उलटं मात्र जमत नाही, सॅच्युरेट झालेला बँड कुठल्याच स्लायडरने परत येत नाही. अगदी फिकट बँडही दाखवायचा असेल तर जास्त एक्सपोजरचा दुसरा फोटो घ्या आणि दोन्ही ठेवा.

त्याच मशीनवर वेस्टर्न ब्लॉट (मेम्ब्रेनवर प्रोटीन शोधायची पद्धत) करणाऱ्यांसाठी एवढंच सांगते, तिथे बहुतेक वेळा दिवा लागत नाही, मेम्ब्रेन स्वतःच मंद उजेड देतं. त्यामुळे थंड केलेला कॅमेरा तयार झाल्याची खूण येईपर्यंत थांबा आणि एकच फोटो न घेता १० सेकंदांपासून ३०० सेकंदांपर्यंत दहा फोटोंची मालिका लावा, मग त्यातला लाल नसलेला निवडा.

सेव्ह करताना नाव नीट द्या. "जेल १", "जेल नवीन", "जेल फायनल" असलं काही नको, तारीख, तुमची इनिशियल्स आणि प्रयोग एवढं तरी हवंच. पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट करताना मशीनची मूळ फाइल आणि १६ बिट टिफ दोन्ही घ्या. जेपेग फक्त पीपीटीसाठी, त्यात २५६ च छटा उरतात आणि कॉम्प्रेशनमध्ये आणखी माहिती जाते, त्यावर मोजमाप कधीच करू नका. पेनड्राइव्ह आधी व्हायरस स्कॅन केलेलाच लावा, या मशीनच्या आत अख्खा कॉम्प्युटर असतो आणि तो बंद पडला की सगळ्यांचं काम अडतं.

शेवटी जेल काढून इथिडियम ब्रोमाइडच्या वेगळ्या डब्यात टाका, साध्या कचऱ्यात नाही. ट्रे पुसा, लॉगआउट करा, लॉगबुकमध्ये डाय आणि एक्सपोजर लिहा, आणि जायच्या आधी दार परत उघडून बघा, जेलचा तुटलेला कोपरा बऱ्याचदा ट्रेच्या कडेला चिकटून राहतो.