पेढीच्या गोळीरोधक दार-खिडकीसाठी साहित्य कसे निवडावे

सराफी पेढीला किंवा पतसंस्थेच्या रोखपालाच्या खिडकीला गोळीरोधक काच बसवायचे ठरले की पहिला प्रश्न बहुधा जाडीचा येतो. कोणत्या शस्त्राची, किती अंतरावरून आणि किती वेळा झाडलेली गोळी अडवायची आहे, हे मात्र त्याआधी ठरवावे लागते, कारण जाडी त्यावरूनच निघते. 'बुलेटप्रूफ' हा शब्द बाजारात रुळला असला, तरी प्रत्येक गोळीला पुरून उरेल अशी काच नसते. ठरावीक गोळीला, ठरावीक परिस्थितीत अडवणारी काच असते, इतकेच.

ही परिस्थिती कागदावर मांडण्यासाठी मानके आहेत. युरोपातील ईएन 1063 हे मानक फक्त काचेचे असून त्यात बीआर 1 ते बीआर 7 अशा चढत्या श्रेणी आहेत. बीआर 2 म्हणजे 9 मिमी पिस्तूल, बीआर 4 म्हणजे .44 मॅग्नम रिव्हॉल्व्हर, बीआर 5 आणि 6 रायफलीसाठी, तर बीआर 7 पोलादी गाभ्याच्या रायफल-गोळीसाठी. 12 बोअरच्या बंदुकीसाठी एसजी 1 आणि एसजी 2 या वेगळ्या श्रेणी आहेत. चौकटीसह अख्ख्या दाराची किंवा खिडकीची श्रेणी ईएन 1522 नुसार एफबी या अक्षरांनी लिहितात, तर अमेरिकेतील यूएल 752 मध्ये पातळ्यांना क्रमांक आहेत. विक्रेत्याने काचेचे प्रमाणपत्र दाखवले म्हणून दार त्या श्रेणीचे झाले, असे समजू नये.

आपल्याकडे एक वेगळी अडचण आहे. गावठी कट्टा पुष्कळदा .315 च्या रायफल-काडतुसावर चालतो आणि ते काडतूस ईएन 1063 च्या तक्त्यात नाही. आखूड नळीमुळे गोळीचा वेग रायफलीपेक्षा कमी राहतो, तरी तिला 9 मिमीच्या पंक्तीत बसवणे धोक्याचे आहे. त्यामुळे फक्त बीआर 2 वर समाधान मानू नये, निदान बीआर 4 मागावी आणि विक्रेत्याकडे या काडतुसाच्या चाचणीचा अहवाल आहे का, हेही विचारावे, असे माझे मत आहे.

श्रेणीपुढचे 'एस' किंवा 'एनएस' हे अक्षर तितकेच महत्त्वाचे आहे. गोळी काचेत अडकली तरी आतल्या पृष्ठभागावरून ठिकऱ्या उडू शकतात. 'एस' श्रेणीत त्या उडतात, 'एनएस' मध्ये उडत नाहीत. काचेला लागून रोखपाल दिवसभर बसणार असेल, तर 'एनएस' शिवाय दुसरा विचारच करू नये.

आता साहित्य. लॅमिनेटेड काच म्हणजे काचेचे अनेक थर पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ पडद्यांनी चिकटवलेले तावदान. ते सहजी ओरखडत नाही, उन्हाने पिवळे पडत नाही, पण फार जड असते. पॉलिकार्बोनेट हे पारदर्शक प्लास्टिक हलके आणि चिवट असले तरी ओरखडते, सॉल्व्हंट आणि अमोनियायुक्त क्लीनरने खराब होते आणि उघड्यावर संरक्षक लेप नसेल तर पिवळे पडते. ॲक्रिलिक हे दुसरे पारदर्शक प्लास्टिक साधारण 32 मिमी जाडीत पिस्तुलाच्या खालच्या पातळीला पुरते; रायफलीसाठी त्याचा विचार करू नये. बाहेर काच आणि आत पॉलिकार्बोनेट असे मिश्र तावदान मला पेढीच्या दर्शनी बाजूसाठी सर्वांत योग्य वाटते, कारण काच गोळी बोथट करते आणि पॉलिकार्बोनेट ठिकऱ्या धरून ठेवते. अर्थात ते उलटे बसवले तर सगळा हेतूच फसतो. म्हणून हल्ल्याची बाजू कोणती, याची खूण कारखान्यातूनच करून घ्यावी. टफन्ड, म्हणजे उष्णतेने कणखर केलेली, काच एका फटक्यात पूर्ण चुरा होते, आणि साध्या काचेवर फिल्म चिकटवल्याने ती गोळीरोधक होत नाही.

वजनाचा हिशेब स्वतः करावा. काचेचे वजन दर मिमी जाडीला चौरस मीटरमागे 2.5 किलो आणि पॉलिकार्बोनेटचे 1.2 किलो धरावे. 1 मीटर बाय 1.2 मीटरच्या खिडकीत 40 मिमीची काच बसवली तर एकटे तावदानच 120 किलोचे होते. नेहमीच्या ॲल्युमिनियम चौकटीवर हा भार टाकता येत नाही, आणि तिच्या पोकळ भागातून गोळी आरपार जाते ती गोष्ट वेगळीच. काचेची कड चौकटीत पुरेशी आत जायला हवी आणि चौकटीच्या आत पोलादी पट्टी हवी. पॉलिकार्बोनेटला पसरायला जागा लागते: तापमानात 40 अंशांचा फरक पडला तर मीटरभर तक्ता सुमारे 2.7 मिमी वाढतो, काच अर्धा मिमीही वाढत नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत काचेच्या कडेतून ओल शिरून थर सुटतात, म्हणून कडा नीट सीलबंद असाव्यात आणि पाणी खाली साचू नये.

दाराच्या झडपेसाठी कठीण पोलाद किंवा दाबून घट्ट केलेले काचतंतूंचे तक्ते वापरतात. पोलाद दर मिमीला चौरस मीटरमागे 7.85 किलो भरते, म्हणजे 2.1 बाय 1 मीटरच्या दाराला 6 मिमीचा पत्रा सुमारे 99 किलोचा होतो. कठीण पोलादावर वेल्डिंग केले की सांध्याजवळची कठीणता उतरते, म्हणून तिथे आतून पट्टी जोडावी. शिवाय पोलादावर आपटलेल्या गोळीचे तुकडे आजूबाजूला उडतात. काचतंतूंच्या तक्त्यात गोळी थरांमध्ये अडकून राहते, तो जागेवर कापता येतो आणि वर सनमायका लावता येतो. पेढीच्या आतल्या दाराला मी तोच घेईन.

शेवटी कुलपाचे भोक, दारातली दुर्बीण, दागिने किंवा नोटा सरकवण्याची फट आणि दाराशेजारची भिंत पाहावी. बोलण्याची फट सरळ न ठेवता दोन तावदाने एकमेकांवर चढवून आडवळणाची करावी. प्लायवूडच्या पार्टिशनमध्ये बीआर 4 ची खिडकी बसवली, तर खर्च फक्त दिसण्यावर होतो.