पंखा फिरतोय म्हणून एसएमपीएस चांगला? हार्डवेअरच्या कामात नव्यानं आलेल्यांसाठी

हार्डवेअरच्या दुकानात कामाला लागलेल्या पोराला पहिल्या महिन्यात दोन गोष्टी येतात: विंडोज टाकणं आणि रॅम काढून खोडरबरानं घासणं. एवढ्यावर बरेच पीसी सुरू होतात, म्हणून जे होत नाहीत त्यांच्यावरही तोच प्रयोग चालतो. मग हार्ड डिस्कवर संशय, मग मदरबोर्डवर. एसएमपीएसकडे, म्हणजे भिंतीतल्या विजेचे पीसीला लागणारे व्होल्ट करून देणाऱ्या डब्याकडे, लक्ष सगळ्यात शेवटी जातं, कारण त्याचा पंखा फिरत असतो.

कोल्हापुरात शाहूपुरीत दुरुस्तीच्या टेबलावर बसून माझं मत असं झालंय, की नव्या मुलानं आधी एसएमपीएस पकडायला शिकावं. बाकीचं मागून येतं.

पूर्ण मेलेला एसएमपीएस कुणीही ओळखतो. छळतो तो अर्धवट गेलेला. पीसी कधी चालू होतो, कधी नाही. मोठी फाईल उघडली की रीस्टार्ट. कधी यूएसबीला लावलेला पेन ड्राइव्ह आपोआप निघतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं, आणि नवखा मुलगा ते वाचून विंडोज बिघडलंय असं ठरवतो. तो कोड एवढंच सांगतो की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं. का पडलं, ते त्यात लिहिलेलं नसतं.

म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला बोलू द्यावं. शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या पेढीवर पावसाळ्यात बोलावणं आलं. दिवाणजी म्हणाले, "सकाळी चार-पाचदा बटन दाबाय लागतंय. एकदा लागला की संध्याकाळपर्यंत काय सुदीक होत न्हाई बघा." आधी कुणीतरी येऊन विंडोज टाकून गेलं होतं. खरं तर दिवाणजींच्या त्या दोन वाक्यांत निम्मं निदान झालं होतं. एसएमपीएसमधले वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर जुने झाले, आतलं द्रव सुकत आलं, की थंड असताना ते नीट काम देत नाहीत. थोडे गरम झाले की सुधारतात. म्हणून सकाळी रडगाणं आणि दुपारी सगळं सुरळीत. बिघाड सॉफ्टवेअरचा असता तर त्याला सकाळ-दुपार कळली नसती.

तिथं काय केलं ते नीट सांगतो, कारण पद्धत हीच. कॅबिनेटची बाजूची पत्री काढली. मदरबोर्डला लागलेला २४ पिनांचा कनेक्टर न काढता, त्याच्या मागच्या बाजूनं, जिथं वायर आत शिरते तिथं मल्टिमीटरची टोकं खुपसली. काळं टोक काळ्या वायरीत, लाल टोक जांभळ्या वायरीत. जांभळी म्हणजे स्टँडबाय ५ व्होल्ट. पीसी बंद असला, पण भिंतीवरच्या बोर्डाला करंट असला, तरी ती चालू असायला हवी, कारण बटणाला जाग येते ती तिच्यामुळे. मीटरवर ४.५ च्या आसपास आकडा हलत होता. बटण दाबलं की आणखी खाली जायचा. तिथंच विषय संपला. पिशवीतला चांगला एसएमपीएस बाहेर ठेवूनच कनेक्टर जोडले, आणि पहिल्या दाबात पीसी लागला.

रंग पाठ करायला वेळ लागत नाही: पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३, जांभळी स्टँडबाय ५, निळी उणे १२, हिरवी चालू करण्याची, करडी पॉवर गुडची (व्होल्टेज ठीक आहेत असं मदरबोर्डाला सांगणारी), काळी ग्राउंड. काही नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, तिथं पिनांची जागा माहीत हवी. एटीएक्सच्या, म्हणजे डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठी ठरलेल्या, मापात मुख्य व्होल्टेजला ५ टक्के वर-खाली चालतं. म्हणजे १२ ची पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी साधारण ३.१४ ते ३.४७.

आयटीआय करून आलेल्या मुलांना मीटर धरता येतो, पण ती एक गोष्ट विसरतात. विंडोजचा डेस्कटॉप नुसता स्क्रीनवर ठेवून घेतलेला आकडा फारसा कामाचा नाही. पीसीला कामाला लावा. मोठी ड्रॉइंग उघडा, ग्राफिक्स कार्ड असेल तर गेम चालवा, आणि पिवळ्या वायरीवर नजर ठेवा. १२.१ वरून ११.२ ला आली आणि तेवढ्यात रीस्टार्ट झाला, तर आणखी पुरावा कशाला? उलट बाजूही लक्षात ठेवा. आकडा वाईट आला तर एसएमपीएस दोषी, पण आकडा चांगला आला म्हणून तो सुटला असं नाही. मीटर सरासरी दाखवतो. त्या व्होल्टेजवर बारीक चढउतार असतो त्याला रिपल म्हणतात. १२ व्होल्टवर तो १२० मिलिव्होल्टपर्यंत चालतो. त्याच्यापुढं गेला की बोर्ड गोंधळतो, आणि मीटरवर मात्र १२.० शांत दिसत राहतं. हा चढउतार दाखवणारा ऑसिलोस्कोप सगळ्या दुकानांत नसतो. म्हणून शेवटचा निकाल नेहमी दुसरा, खात्रीचा एसएमपीएस लावूनच. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला स्वस्तातला एसएमपीएस टेस्टिंगला ठेवू नका. त्याचीच खात्री नसली तर निकाल काय लावणार?

हिरवी आणि काळी वायर क्लिपनं जोडून पंखा फिरतो का बघायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. ती वाईट नाही. फक्त तिच्यातून एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं, भार पेलतो का ते कळत नाही. निदान एखादा जुना डीव्हीडी ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क तरी जोडा, आणि करड्या वायरीवर ५ व्होल्ट येतात का ते बघा. ते आले नाहीत तर बोर्ड सुरूच होणार नाही, पंखा कितीही गरगरो.

सुरुवातीला काही स्वस्तातले संशयित बाजूला काढायचे असतात. पॉवर कॉर्ड बदलून बघा. स्पाइक बस्टर काढून पीसी थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. पुढचं बटण अडकलंय का बघायचं तर पॅनेलची वायर काढून मदरबोर्डवरच्या त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरनं क्षणभर जोडा. प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा कनेक्टर सैल असेल तर पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. हे सगळं चहा येईपर्यंत होतं.

शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये वेगळी तक्रार असते: "लाइट गेली की यूपीएस असून पीसी रीस्टार्ट हुतोय." लगेच यूपीएसची बॅटरी बदलू नका. शेजारचा पीसी त्याच यूपीएसवर टिकतोय का ते विचारा. लाइन गेल्यापासून यूपीएस बॅटरीवर येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात, आणि तेवढा वेळ एसएमपीएसनं आपल्या मोठ्या कॅपॅसिटरवर काढायचा असतो. चांगला एसएमपीएस पूर्ण भारावर १६ मिलिसेकंदांच्या आसपास तग धरतो. कॅपॅसिटर थकला की ही मुदत घटते. एकाच यूपीएसवरच्या दोन पीसींपैकी एकच पडत असेल, तर त्या पडणाऱ्याचा एसएमपीएस आधी बघा. इन्व्हर्टरवर पीसी असेल तर त्यावरचं बटण यूपीएस मोडवर आहे ना, तेही बघा.

आता एक गोष्ट दटावून सांगतो. नव्या माणसानं एसएमपीएसचा डबा उघडू नये. भिंतीतले २३० व्होल्ट आत गेल्यावर साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतात आणि मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतात. प्लग काढला तरी ते लगेच जात नाहीत. उघडायचंच असेल तर जाणत्या माणसाच्या शेजारी बसून. जुन्या मेकॅनिककडं सिरीज लॅम्प असतो, १०० वॉटचा पिवळा बल्ब लाइनमध्ये सिरीजला घेतलेला. संशयित एसएमपीएस त्याच्यातून लावला की बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. मेन्सचा फ्यूज उडवण्यापेक्षा हे बरं. जुन्या एसएमपीएसच्या मागं ११५/२३० चा लाल स्विच असतो, तो २३० वर आहे हे बघूनच प्लग लावा. नाहीतर मोठा आवाज येतो आणि दुकानातले सगळे तुमच्याकडं बघतात.

पुराच्या पाण्यात राहिलेल्या मशीनचा तर विचारच करू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर अशी मशीनं टेबलावर आली. बोर्ड धुऊन, वाळवून कधी जगतो. पाण्यात राहिलेला एसएमपीएस मात्र सरळ भंगारात.

नवा घेताना डब्यावरचा मोठा आकडा वाचू नका, स्टिकरवरचा १२ व्होल्टचा रकाना वाचा. नाव ४५० चं आणि १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलेले असतील, तर त्या लाइनवर १९२ वॉटच मिळणार. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जगतात त्याच लाइनवर. ब्रँडेड पीसी असेल तर आधी झाकण उघडून कनेक्टर बघा. कित्येकांत २४ पिनांचा नेहमीचा कनेक्टर नसतोच, आणि बाजारातला एसएमपीएस घेऊन गेलात तर हात हलवत परत यावं लागतं.

गिऱ्हाइकाला मीटरवरचा आकडा दाखवा, कारण 'पाच मिनिटांचं तर काम' हे ऐकावं लागणारच आहे. आणि बिलावर नुसतं 'एसएमपीएस बदलला' असं लिहू नका; भारावरचं १२ व्होल्टचं रीडिंग, बदलण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही लिहा. काही महिन्यांनी तोच पीसी तीच तक्रार घेऊन आला, तर एसएमपीएस पुन्हा गेला की या वेळी रोग बोर्डात आहे, हे त्या दोन आकड्यांशी ताजं रीडिंग ताडून ठरवता येतं.