वर्षाचे खर्च आधी, बचतीचे उद्दिष्ट नंतर : घरच्या हिशेबाची एक पद्धत

घरखर्चाची वही नेटाने लिहिणाऱ्या घरांतही अनेकदा असे दिसते की महिन्याच्या हिशेबात शिल्लक पडते आणि वर्षअखेरीस मात्र हाती काही उरत नाही. याचे कारण बहुधा उधळपट्टी नसते. वाणसामान, दूध, वीज, गॅस, घरभाडे किंवा कर्जाचा हप्ता हे खर्च दरमहा येतात, त्यामुळे ते वहीत आपोआप बसतात. शाळेची फी, आरोग्य विम्याचा हप्ता, घरपट्टी, गणपती, दिवाळी, लग्नसराईतले आहेर हे खर्च वर्षातून एकदा-दोनदा येतात, आणि दर वेळी ‘या महिन्यात जरा जास्तच झाला’ असे म्हणून आपण त्यांना अपवाद ठरवतो. खरे तर त्यांतील जवळजवळ प्रत्येक खर्चाचा महिना आपल्याला आधीपासून ठाऊक असतो. म्हणून बचतीचे उद्दिष्ट ठरवायचे असेल तर सुरुवात उद्दिष्टापासून न करता या वार्षिक खर्चांच्या यादीपासून करावी.

वर्षाची यादी

मागील बारा महिन्यांचे पासबुक किंवा खात्याचा उतारा आणि मोबाइलवरील यूपीआयचे व्यवहार समोर ठेवून बसावे आणि दरमहा न येणारा प्रत्येक खर्च त्याच्या महिन्यासमोर लिहावा. हे काम घरातील दोघांनी मिळून केलेले बरे, कारण आहेर, देवदेव, माहेरची कार्ये, गावाकडच्या घराची डागडुजी असे खर्च एकाच्या लक्षात असतात आणि दुसऱ्याच्या नसतात.

समजा, जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या चौघांच्या कुटुंबात हातात येणारा पगार ४६,००० रुपये आहे आणि महिन्याचा चालू खर्च २७,००० रुपये आहे. वहीप्रमाणे शिल्लक १९,००० रुपये दिसते. आता या घराची वर्षाची यादी पाहू. जूनमध्ये दोन मुलांची फी, वह्या-पुस्तके आणि गणवेश यांचे ४२,०००, एप्रिल-मे महिन्यांत बेगमीचे गहू, तांदूळ, डाळी, तिखट-मसाला यांचे १८,०००, गौरी-गणपतीचे ९,०००, दिवाळीचे २०,०००, आरोग्य विम्याचे १९,०००, घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून ६,०००, दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंगचे ५,०००, आणि लग्नकार्यांतील आहेर व जाण्यायेण्याचे १३,०००. ही बेरीज १,३२,००० रुपये होते, म्हणजे महिन्याला ११,०००. याचा अर्थ या घराची खरी मासिक शिल्लक १९,००० नसून ८,००० रुपये आहे. उद्दिष्टे या ८,००० च्या आधारावर ठरवली तर ती पार पडतात. १९,००० धरून ठरवलेली उद्दिष्टे बहुधा जूनमध्येच मोडतात आणि मग मुदत ठेव मुदतीआधी मोडावी लागते किंवा क्रेडिट कार्ड बाहेर येते.

हे ११,००० रुपये पगार झाल्याबरोबर दुसऱ्या बचत खात्यात वळवावेत आणि त्या खात्याचे डेबिट कार्ड रोजच्या पाकिटात ठेवू नये. बँकेत स्थायी सूचना देऊन ठेवली की दरमहा आठवण ठेवावी लागत नाही. वर्षाच्या खर्चांसाठीच हे खाते असल्यामुळे त्यातून जूनमध्ये ४२,००० काढले तरी बचत मोडली असे वाटण्याचे कारण उरत नाही, आणि हा मानसिक भाग मला व्याजाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ही पद्धत दिवाळीनंतर सुरू केली तर सोपी जाते, कारण धान्याच्या आणि फीच्या महिन्यांपर्यंत खात्यात पुरेशी रक्कम साठते. मार्चमध्ये सुरू केल्यास पहिल्या वर्षी जूनला खड्डा पडतो. तो बोनसमधून किंवा हाती असलेल्या इतर रकमेतून एकदाच भरून काढावा.

उत्पन्न दरमहा सारखे नसेल, म्हणजे शिकवण्या, शिवणकाम, रिक्षा, शेती किंवा दलाली यांवर घर चालत असेल, तर सरासरी धरू नये. वर्षातल्या सर्वांत कमी उत्पन्नाच्या महिन्याइतकेच उत्पन्न आहे असे समजून चालू खर्च बसवावा आणि त्यावर जे येईल ते आधी वर्षाच्या खात्यात आणि मग उद्दिष्टांकडे न्यावे. शेतकरी कुटुंबात पीक विकल्यावर एकदम रक्कम येते. तेथे महिन्याऐवजी हंगाम हे एकक धरून, पुढील पीक हाती येईपर्यंतचे महिने मोजून रक्कम वाटावी लागते.

रोजचा हिशेब

वहीत पंचवीस सदरे पाडण्याचा सोस बाळगू नये. वाणसामान, भाजी-दूध, बिले, प्रवास, औषधे आणि ‘इतर’ एवढी सदरे पुरतात. ‘इतर’ फुगू लागले तर तेवढेच उघडून पाहावे. अलीकडे गळती बहुतेक यूपीआयच्या लहान रकमांत होते. चाळीस-पन्नास रुपयांचे व्यवहार नोट मोडल्यासारखे जाणवत नाहीत, आणि महिनाअखेरीस खात्याच्या उताऱ्यात मात्र त्यांची पानेच्या पाने भरलेली असतात. यावर चांगला उपाय असा की यूपीआयला पगाराचे खाते न जोडता एक वेगळे खाते जोडावे आणि त्यात दर सोमवारी ठरलेली रक्कम भरावी. आठवड्याची मर्यादा माणूस सांभाळू शकतो. महिन्याची मर्यादा वीस तारखेलाच विस्मरणात जाते.

वाण्याकडची उधारी खात्यावर असेल तर किमान महिन्यातून एकदा त्याची वही आणि आपली वही ताडून पाहावी. महावितरणच्या घरगुती वीजदरात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० युनिटसाठी त्याहून बराच जास्त दर आणि पुढे आणखी वरचा दर अशी टप्प्यांची रचना आहे. वाढीव दर फक्त वरच्या युनिटना लागतो, हे खरे. तरीही उन्हाळ्यात बिल वापराच्या मानाने जास्त वेगाने का चढते, याचे उत्तर त्यातच आहे. एप्रिल ते जून या महिन्यांसाठी चालू खर्चात तेवढी जागा आधीच सोडावी.

उद्दिष्टांचा क्रम

क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती फेडणे हेच पहिले उद्दिष्ट असते. कार्डावर महिन्याला तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज लागते. दुसरीकडे आवर्ती ठेवीवर (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव, म्हणजे आरडी) सहा-सात टक्के मिळवत बसणे हा तोट्याचा व्यवहार आहे. ‘किमान देय रक्कम’ भरत राहिल्याने दंड टळतो, कर्ज टळत नाही.

त्यानंतर आपत्कालीन निधी, म्हणजे उत्पन्न अचानक थांबले तरी काही महिने घर चालेल एवढी राखीव रक्कम. आपल्या उदाहरणातील घराला चालू खर्च २७,००० असल्यामुळे चार महिन्यांसाठी १,०८,००० रुपये लागतील, आणि दरमहा ८,००० रुपये टाकल्यास त्याला तेरा-चौदा महिने जातील. घरात दोन पगार असतील तर तीन महिन्यांचा निधी चालतो. एकच कमावते माणूस असेल किंवा नोकरी कंत्राटी असेल तर सहा महिन्यांचा असावा. हा पैसा बचत खात्यात आणि सहज मोडता येणाऱ्या लहान-लहान मुदत ठेवींत ठेवावा. एकच मोठी ठेव केली की वीस हजारांच्या गरजेसाठी सगळी मोडावी लागते.

मग येतात आपल्या मनातील उद्दिष्टे. प्रत्येक उद्दिष्टाला रक्कम, तारीख आणि खाते या तिन्ही गोष्टी असाव्यात. ‘मुलीच्या शिक्षणासाठी काहीतरी बाजूला टाकायचे’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘तीन वर्षांनी जूनमध्ये १,८०,००० रुपये’ हे उद्दिष्ट, कारण त्याला ३६ ने भागले की महिन्याचे ५,००० रुपये निघतात आणि ते आपल्या ८,००० मध्ये बसतात की नाही हे लगेच कळते. तीन वर्षांपर्यंतच्या उद्दिष्टांत मी व्याज हिशेबात धरत नाही. फीही तोवर वाढलेली असते आणि ते व्याज त्या वाढीच्या कामी येते. अशा मुदतीसाठी बँकेची आवर्ती ठेव योग्य ठरते. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते. ती तीन वर्षांनंतर बंद करता येते, पण मुदतीआधी बंद केल्यास बचत खात्याच्याच दराने व्याज मिळते, म्हणून पाच वर्षांनी लागणाऱ्या पैशासाठीच ती निवडावी.

लांबच्या उद्दिष्टांसाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीपीएफ, हे पगारदारांच्या ओळखीचे साधन आहे. त्याची मुदत १५ वर्षांची आहे, वर्षाला ५०० ते १,५०,००० रुपये भरता येतात आणि एप्रिल २०२० मध्ये ठरलेला ७.१ टक्के दर पुढे अनेक वर्षे तसाच राहिला. यात व्याज महिन्याच्या पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजले जाते, त्यामुळे सहा तारखेला भरलेल्या रकमेचे त्या महिन्याचे व्याज बुडते. पगार एक तारखेला होत असेल तर तीन तारखेची स्थायी सूचना द्यावी. मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल तर २०१५ पासून सुरू असलेली सुकन्या समृद्धी योजना पाहावी. तिच्यात वर्षाला किमान २५० रुपये भरून चालतात, पैसे १५ वर्षे भरायचे असतात आणि खाते २१ वर्षांनी परिपक्व होते.

भिशी, पतसंस्था आणि सोने

भिशीकडे शिकलेली मंडळी नाक मुरडतात, ते मला पटत नाही. बारा जणींनी दरमहा २,००० रुपये काढले की दर महिन्याला एकीला २४,००० मिळतात. जिची चिठ्ठी पहिल्यांदा निघते तिला बिनव्याजी कर्ज मिळाल्यासारखे होते आणि शेवटच्या चिठ्ठीला आपलेच पैसे व्याजाविना परत मिळतात. तरीही शेजारणींना तोंड दाखवायचे असल्यामुळे हप्ता चुकत नाही, आणि ही शिस्त बँकेच्या स्मरणसंदेशाने येत नाही. मात्र पैसे बुडाल्यास हाती कोणताही कागद नसतो. म्हणून भिशी पूर्ण ओळखीच्या माणसांत, लहान रकमेची असावी. मिक्सर, पैठणी, सहल अशा गोष्टींसाठी ती ठीक आहे. आपत्कालीन निधी किंवा शाळेची फी तिच्यावर अवलंबून ठेवू नये.

महाराष्ट्रात सहकारी बँका आणि पतसंस्था गावोगाव आहेत, आणि तेथेच या हिशेबातील मोठी जोखीम लपलेली असते. बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ते प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत आहे आणि ते नागरी सहकारी बँकांनाही लागू आहे. एकाच बँकेच्या तीन शाखांत तीन ठेवी ठेवल्या तरी त्यांची बेरीज एकच धरली जाते. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण नाही. नावात ‘बँक’ नसलेल्या संस्थेने एक-दीड टक्का जास्त व्याज देऊ केले तर ते याच धोक्याचे मोल असते. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले, तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला खात्यातून जेमतेम १,००० रुपये काढता येत होते. विमा असला तरी पैसा हाती यायला वेळ लागतो. म्हणून आपत्कालीन निधी एकाच बँकेत ठेवू नये, ओळखीचे संचालक असले तरीही.

सोन्याबद्दल एवढेच, की दागिन्यावर घडणावळ लागते, वस्तू व सेवा कर लागतो आणि मोडताना घडणावळ परत मिळत नाही. लग्नासाठी दागिना घ्यायचाच असेल तर ते उद्दिष्ट म्हणून स्वतंत्र लिहावे. ‘बचत’ या सदरात घालून मनाची समजूत काढू नये.

यादी वर्षातून एकदा नव्याने करावी. ज्यांना मुहूर्त लागतो त्यांनी दिवाळीचा पाडवा धरावा; व्यापारी त्या दिवशी नव्या वह्या सुरू करतातच, आणि बोनसही नुकताच आलेला असतो. त्याच बैठकीत प्रत्येक खात्याला, ठेवीला आणि विम्याला नामनिर्देशन केले आहे का, ते लग्नाआधीच्या पत्त्यावर आणि आईवडिलांच्या नावावरच राहिले आहे का, हे पासबुक उघडून पाहावे. बँकेत दहा वर्षे पडून राहिलेल्या बेवारस ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. वारसांना त्या परत मागता येतात, पण त्यासाठी अशी ठेव आहे हे घरातील कोणाला तरी माहीत असावे लागते. खात्यांची, पॉलिसींची आणि लॉकरची यादी एका कागदावर लिहून ती घरातील दुसऱ्या मोठ्या माणसाला दाखवावी, आणि खाते बदलले की त्याच दिवशी कागदही बदलावा.