गढीत मुक्काम? आधी छत विचारा
मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यात किंवा गढीत खोली घेताना पहिला प्रश्न: वर माळवद (लाकूड-मातीचं सपाट छत) आहे की नंतर टाकलेला स्लॅब? एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांपुढे जातो, तेव्हा स्लॅबखाली नुसती भट्टी. माळवदाचा मातीचा थर आणि जाडजूड भिंती दुपारचं ऊन लवकर आत येऊ देत नाहीत. मात्र मुरलेली ऊब रात्री उशिरापर्यंत खोलीत उतरत राहते. म्हणून दुपारी माजघरात पडा आणि रात्री माळवदावर बाज टाकू देतील का, ते बुकिंगच्या वेळीच विचारा. (पावसाळ्यात मात्र छत गळतं का, हे विचारायला लाजू नका.) जाड भिंतींत मोबाइलला रेंज कमीच, फोन ओसरीवर येऊन करा. दारं ठेंगणी असतात. उंच माणसांनी कपाळ सांभाळावं.