विद्यार्थ्यांच्या मद्यपानाबद्दल फोनवरून समुपदेशन कसे करावे

फोन जोडला गेल्यावर पहिला प्रश्न दारूचा नसावा. "आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का, जवळ कोणी आहे का?" असे विचारावे, कारण खोलीत मित्र बसलेला असेल तर पुढची सगळी उत्तरे त्याला ऐकवण्यासाठी दिली जातात. बोलणे गुप्त राहील आणि जिवाला धोका असल्यासच ते इतरांना सांगावे लागेल, हे दोन्ही सुरुवातीलाच स्पष्ट करावे. विद्यार्थी त्या क्षणी प्यायलेला असेल तर समुपदेशन करू नये; तो सुरक्षित आहे एवढी खात्री करून दुसरी वेळ ठरवावी.

पिण्याचे प्रमाण मोजण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी फोनवर सहज घेता येते. तिचे गुण ० ते ४० असतात. ८ किंवा अधिक गुण धोकादायक मद्यपान सुचवतात, तर २० किंवा अधिक गुण असल्यास व्यसनाधीनतेची सखोल तपासणी आवश्यक ठरते. 'एक-दोन ग्लास' हे उत्तर मात्र तसेच लिहून घेऊ नये. पेय कोणते, ग्लास केवढा, हे विचारावे, कारण अल्कोहोलचे प्रमाण त्यावरच ठरते. पाच टक्के मद्यांशाच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते.

खरे काम यानंतर सुरू होते, आणि नवखा समुपदेशक नेमका इथेच उपदेश करू लागतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेल्या प्रेरणात्मक मुलाखतीच्या पद्धतीत बदलाची कारणे विद्यार्थ्याच्याच तोंडून यावी लागतात. म्हणून आधी त्याला पिण्यात काय आवडते ते विचारावे, मग काय खटकते ते. "पिणे कमी करणे तुला ० ते १० मध्ये किती महत्त्वाचे वाटते?" यावर तो "चार" म्हणाला, तर "सात का नाही?" असे न विचारता "चार का, एक का नाही?" असे विचारावे, पहिल्या प्रश्नावर सबबी मिळतात, दुसऱ्यावर कारणे. फोनवरची शांतता समुपदेशकाला फार लांब वाटते, तरी ती घाईने भरून काढू नये. मान डोलावलेली पलीकडे दिसत नसल्याने विद्यार्थ्याचेच म्हणणे थोडक्यात परत सांगावे.

"सगळेच पितात" हे वाक्य हमखास येते. बरोबरीची मुले किती पितात याचा विद्यार्थ्यांचा अंदाज सहसा वास्तवापेक्षा जास्त असतो. त्याच महाविद्यालयाची विश्वासार्ह आकडेवारी हाताशी असेल तर वाद न घालता ती समोर ठेवावी. नसेल तर हा मुद्दा ताणू नये.

रोज भरपूर पिणाऱ्याला सकाळी हात थरथरणे, घाम येणे असा त्रास होत असेल, किंवा पूर्वी पिणे थांबवल्यावर झटका (फिट) आला असेल, तर "आजपासून बंद कर" असे कदापि सांगू नये. अचानक थांबणे जिवावर बेतू शकते. त्याला डॉक्टरांकडेच पाठवावे. आत्महत्येचे विचार येतात का, हेही थेट विचारावे.

शेवटी एकच छोटा, मोजता येईल असा निश्चय ठरवावा, जसे की परीक्षेच्या आदल्या रात्री न पिणे किंवा उपाशीपोटी न पिणे. तो त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावा आणि फोन ठेवण्यापूर्वी पुढच्या फोनचा दिवस व वेळ त्यालाच निवडू द्यावी.